मागच्याचे पाय

रिटायर्ड फौजदार हणमंतरावांचा शब्द म्हणजे घरात कायदा. मोटारसायकल थांबवून पाय टेकवताना मागचे फूटरेस्ट पोटरीला लागतात, म्हणून त्यांनी दोन्ही काढून माळ्यावर टाकले.

"अहो, मग मी पाय ठेवू कुठं?" यमुनाकाकूंनी विचारलं. भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, तासाभराची वाट.

"लोंबकळू देत. अडचण असते ती चालवणाऱ्याला. मागच्याला कसली आलीय?"

शेजारी ओट्यावरून कान देऊन ऐकत होते. काकूंनी पदर खोचला. लग्नाआधी बापाच्या मोटारसायकलवरून डेअरीला दूध त्यांनीच घातलं होतं.

"खरंय तुमचं. मग अडचण मी सोसते, तुम्ही मागं आरामात बसा. किल्ली द्या."

चारचौघांत बोललेला शब्द गिळायचा कसा? फौजदार किल्ली देऊन मागं बसले. वेशीजवळच्या गतिरोधकावर त्यांचे पाय हवेत उडाले आणि त्यांनी काकूंचा खांदा घट्ट धरला.

"अगं, थांब! ते माळ्यावरचे..."

"पिशवीत आहेत," काकू गॅरेजपुढं गाडी उभी करत म्हणाल्या. "चार बोटं मागं सरकवून बसवून घेऊ. मग पुढं कुणीही बसो."