तिप्पट पारा

"पण हा कोळसा उचलला कोणी?"

शेवंताताईंनी कागदावरून नजरही वर केली नाही.

"मीच की," मिहिर म्हणाला. "स्वतः. ह्या हातांनी."

म्हणजे बघा, मिहिर दातार त्या दिवशी जमिनीवर चालतच नव्हता. कोळसा जाळला की चिमणीतून पारा, आर्सेनिक, शिसं असलं काय काय बाहेर पडतं, ते शोधायचा पाच वर्षांचा प्रकल्प. निधी द्यायचा की नाही ते सोमवारी दिल्लीची समिती ठरवणार.

आणि ह्या पठ्ठ्याच्या कोळशात पारा निघाला होता बाकीच्यांच्या तिप्पट. तिप्पट म्हटल्यावर कुठली समिती नाही म्हणेल?

राहिली होती फक्त एक सही. नमुना रीतसर घेतलाय, एवढीच. ती द्यायची वीजकेंद्राच्या सॅम्पल शेडमधल्या शेवंताताई मडावींनी. नमुना घ्यायला त्याला शिकवलं होतं तेही त्यांनीच.

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"चल बाबू."

शेडमध्ये नुकताच वॅगनमधून उतरवलेला ढीग होता. ताईंनी तो फावड्यानं शंकूसारखा रचला, वरून दाबून चपटा केला, फळीनं चार भाग पाडले. मग नमुन्याच्या रीतीप्रमाणे समोरासमोरचे दोन भाग सरळ बाहेर लोटायला लागल्या; शेवटी उरेल तो नमुना.

लोटलेल्यात एक तुकडा चमकला. पिवळ्या ठिपक्यांचा.

"ताई, तो नका टाकू."

"काऊन?"

"पारा त्यातच असतो, त्या पिवळ्या चमकीत. मी दहा फुटांवरून ओळखतो." छाती अशी फुगलेली, की शर्टाचं बटण तुटतंय की काय.

"मोठा डोळा आहे तुहा."

"आहेच."

"अन् तो तिप्पटवाला?"

"तोही असाच. अख्ख्या ढिगात मला जे जे दिसले ते वेचून..."

मिहिर थांबला.

ताईंचं फावडं थांबलं नाही. उरलेलं पुन्हा रचलं. पुन्हा चपटं. पुन्हा चार.

"तुले अगोदरच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मग शोधाले पैसे कशाले मागून राहिला?"

"इथल्या एकतीस वर्षांत तुम्ही एकदाही निवडला नाहीत, ताई? एखादा चांगला तुकडा?"

"एकही नाही." ताई ताठ उभ्या राहिल्या. "दिसत नाही म्हणून नाही. तुह्याअगोदर दिसते मले. विचार इथं कोणालेही."

"मग?"

"दिसते. अन् लोटून देते."

मिहिर कागदाकडे बघत राहिला. त्या आकड्यासाठी त्यानं घरी पेढे वाटले होते. दुसऱ्या कुणाची तरी सही मिळालीही असती, शेडमध्ये माणसं काय कमी होती...

त्यानं आकड्यावर काट मारली. जोरात, कागद फाटेल इतकी.

मग फावडं मागितलं.

रचा, चपटं करा, चार भाग, दोन बाहेर. दर वेळी एखादा पिवळा तुकडा बाहेरच्या बाजूला जायचा आणि हा तो लोटून द्यायचा. हाताला फोड आले. शेवटी परातभर उरलं. काळं, मळकट, एकही ठिपका चमकत नव्हता.

"बरं रचून राहिला आता," ताई म्हणाल्या.

पोरगं खुलून गेलं. पेपरात नाव छापून आलं तेव्हाही असं वाटलं नव्हतं त्याला.

मग भानावर आला.

"रविवारपर्यंत मोजून होईल. पण ताई... ह्यात काहीच निघालं नाही तर?"

ताईंनी हात लुगड्याला पुसले. कागद ओढला, आणि काट मारलेल्या आकड्याच्या खाली सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"अहो, आकडा तर अजून यायचाय."

"येईल तो लिही," शेवंताताई म्हणाल्या. "माही सही झाली."