साळूने आणलेली फळं

फार पूर्वी कोकणातल्या एका रानात धनेश पक्ष्याचं जोडपं राहायचं. केरू आपल्या साळूवर जीव टाकायचा. पिल्लांसाठी ती झाडाच्या ढोलीत बसून असताना तोच तिला फळं आणून भरवायचा. पिल्लं उडून गेली, तरी तो तिला ढोलीबाहेर पडू देईना. "अगं वेडे, पिकलेलं फळ कुठलं ते तुला काय कळणार? मी आणतो ना!" साळू हसायची, पण मनातून खट्टू व्हायची.

एकदा वादळात केरूचा पंख दुखावला. साळू सरळ उडाली आणि उंबरं, जांभळं, करवंदं घेऊन आली.

"तुला हे येत होतं?" केरू ओशाळला.

"याच रानात वाढले ना मी!" फळं पुढे ठेवत ती मायेने म्हणाली, "सांगा, यातलं कुठलं आवडेल तुम्हाला?"

इतक्या वर्षांत केरूने तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.