तिसऱ्यांदा फाटलेलं रबर

"किती चालले म्हणालास?"

"अठ्ठावीसशे किलोमीटर," रणधीर म्हणाला. "त्याच्या आधीचे तीन हजार. त्याच्या आधीचे... चार हजार असतील."

दस्तगीर उस्तादांनी हातातलं बुश उजेडाकडे धरलं. मुठीत मावेल एवढं गोल रबर, मधे लोखंडी नळी. गाडीचं मागचं चाक ज्या आर्मवर पेललेलं असतं, तो आर्म या रबराच्या आधारानं वर-खाली हलतो. चांगल्या गाडीत वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघायची वेळ येत नाही. हे मात्र नळीभोवती गोल फाटलं होतं, पिळलेल्या कापडासारखं.

"तिन्ही वेळा असंच?"

"असंच. याच जागी."

उस्तादांनी बुश बाकावर ठेवलं आणि हात पुसले. 

रणधीर चौगुलेला हे सावकाश हात पुसणं ओळखीचं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या याच गॅरेजमध्ये त्यानं अकरा वर्षं काढली होती. इथं सगळं काम जमिनीतल्या खड्ड्यात चालायचं. वर गाडी उभी, खाली माणूस. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपायचं, उन्हाळ्यात ऑइलच्या वासानं डोकं धरायचं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं हायवेला स्वतःचं गॅरेज काढलं. चार लिफ्ट बसवल्या. निघायच्या दिवशी तो म्हणाला होता, "उस्ताद, खड्ड्यात उतरून गाड्या दुरुस्त करायचे दिवस गेले आता."

उस्तादांनी मान हलवली होती, एवढंच.

दोन्ही गॅरेजमध्ये अंतर फक्त सहा किलोमीटर. पण नऊ वर्षांत रणधीर इकडं फिरकला नव्हता.

आज आला, तो रेवतीच्या गाडीपायी. रेवती त्याची मुलगी, बावीस वर्षांची. गाडी निळी, दोन सीटची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्स कार. जुनी घेऊन रणधीरनं ती दीड वर्ष खपून घाटाच्या शर्यतीसाठी उभी केली होती. शर्यत रविवारी होती. आज शुक्रवार.

आणि मंगळवारी, सरावाच्या वेळी, चौथ्या वळणावर हे तिसरं रबर फाटलं आणि गाडीचा मागचा भाग अचानक बाहेर सरकला होता. मागचं चाक कठड्याला घासत गेलं आणि गाडी थांबली. कठड्याच्या पलीकडे नुसती दरी. रेवती उतरली, चाकाकडे वाकून बघितलं, पाणी प्यायली आणि हसून म्हणाली, "वाचले की."

रणधीर वळणाच्या वरच्या अंगाला उभा होता. त्याच्या हातातलं स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं. ते बंद करायला अंगठा हलत नव्हता.

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"काय काय करून बघितलंस?" उस्तादांनी विचारलं.

"सगळं. पहिल्यांदा वाटलं माल नकली असेल, म्हणून बुश परदेशातून मागवले. मग जास्त कडक रबर घातलं. शॉकअप दोन्ही नवे. आर्म मापून घेतले, वाकलेले नाहीत. कॉम्प्युटरवर तीन वेळा अलाइनमेंट केली." बोलता बोलता त्याचा आवाज थोडा चढला. "पुस्तकात दिलंय तेवढंच आवळतो मी. अर्धा आटा कमी नाही की जास्त नाही. माझ्या गॅरेजमध्ये अंदाजानं काम होत नाही, उस्ताद."

"बरं."

"मग सांगा ना, काय राहिलं माझ्याकडून?"

उस्तादांनी त्याच्याकडे निरखून बघितलं.

"मला नेमकं काय विचारायला आलाईस, रणधीर? रबर का फाटतंय, ते... का पोरीला जाऊ नको म्हणून मी सांगावं, ते?"

रणधीरनं चटकन दाराकडे बघितलं. रेवती उंबऱ्याशी चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तोंडाशी नेलेला कप खाली आला.

खरं तर घरून निघताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आपलं ती ऐकत नाही, आईचं ऐकत नाही. पण उस्तादांनी गाडी धडाची नाही म्हटलं, तर ऐकेल. लहानपणी शाळेतून सुटली की ती इथंच यायची आणि उस्तादांच्या स्टुलावर बसून डबा खायची. उस्तादांचा शब्द तिला मोठा होता.

"पप्पा," रेवती सावकाश म्हणाली, "तुम्ही कारण शोधायला आलोय म्हणालात."

 रणधीरनं बाकावरचं फाटलेलं बुश उचललं, परत ठेवलं.

"रबर का फाटतंय?" शेवटी तो उस्तादांना म्हणाला. "तेच विचारायचंय."

"मग नवं बसव. माझ्यासमोर. तुझ्या गॅरेजमध्ये बसवतोस अगदी तसंच."

रेवतीनं गाडी हळूहळू खड्ड्यावर आणून उभी केली. रणधीरनं जॅक लावून मागचा भाग उचलला आणि खाली भक्कम स्टँड दिले. दोन्ही चाकं लोंबकळली, त्याच्या लिफ्टवर लोंबकळायची तशीच. मग तो खड्ड्यात उतरला. पहिल्या पायरीवर क्षणभर थबकला, पण उतरला. 

हात सराईत होते. तात्पुरते लावलेले जुने आर्म सुटले. सोबत आणलेले नवे बुश दाबून बसवलेले आर्म जागेवर गेले. बोल्ट आत सरकले. त्यानं जोर मोजणारा टॉर्कचा पाना लावला आणि पुस्तकातल्या आकड्याला कट् असा आवाज येईपर्यंत एकेक बोल्ट आवळला. उस्ताद खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून बघत होते.

"झालं," रणधीर म्हणाला. "यात काही चुकलं?"

उस्तादांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, तरी पायऱ्यांना हात टेकत ते खाली उतरले. बुशच्या मधल्या नळीच्या कडेवर आणि तिला लागून असलेल्या लोखंडी पट्टीवर त्यांनी मिळून एक सरळ रेघ ओढली.

"गाडी खाली घे."

रणधीरनं वर जाऊन स्टँड काढले, जॅक सोडला. गाडी आपल्या चाकांवर बसली. उस्तादांनी खालूनच त्याला तिचा मागचा भाग दोन-चार वेळा दाबून हलवायला लावला आणि म्हणाले, "आता रेघेजवळचा तो बोल्ट सैल कर."

"आताच तर आवळला, उस्ताद."

"सैल कर."

रणधीर परत खाली गेला. पाना लावला. अर्धा आटा... एक आटा...

आणि खट् असा आवाज झाला. कुणी हात लावला नव्हता, तरी नळी आपोआप फिरली.

त्यानं बॅटरी पेटवून बघितलं. खडूची रेघ मधोमध तुटली होती. पट्टीवरचा तुकडा एकीकडे, नळीवरचा बोटभर बाजूला.

तो किती तरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिला.

चाकं लोंबकळत असताना त्यानं बोल्ट आवळले होते. रबर त्याच स्थितीत जखडलं गेलं होतं. मग गाडी जमिनीवर आली, वजन चाकांवर बसलं, आर्म वर फिरला, आणि रबर पिळलं गेलं. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच राहायचं. त्यावर रस्ते, त्यावर वळणं. तीन वेळा त्यानं आपल्या हातानं ते तसं बसवलं होतं. कडक रबर घातलं, तेव्हा तर ते जास्तच लवकर फाटलं.

चौथ्या वळणावर गाडी सरकली, ती रस्त्यामुळं नव्हे, मालामुळं नव्हे.

"वजन पायावर आल्यावर आवळायचं हे," उस्ताद शांतपणे म्हणाले. "अधांतरी न्हाई."

"अकरा वर्षं मी इथं होतो." रणधीर म्हणाला. "तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

"खड्ड्यात गाडी पायावरच उभी असती. वजन असतंच. सांगायचं काय त्यात?" उस्तादांनी बोटांचा खडू झटकला. "आणि मला तरी तवा कुठं ठाऊक होतं? लिफ्ट परवडली असती तर मीबी तसंच केलं असतं. नंतर एका गाडीनं शिकवलं. तू तवर गेला होतास."

 मंगळवारची ती दरी रणधीरच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.  मुलीकडे वर बघायचं धाडस होईना.

वरून रेवतीचा आवाज आला. "सापडलं का, पप्पा?"

"...सापडलं."

"काय होतं?"

त्यानं पाना खाली ठेवला. "माझी चूक होती. मी चुकीचं बसवत होतो. तिन्ही वेळा."

 वरून ती म्हणाली, "मग आता बरोबर बसवा की."

रणधीरनं सगळे बोल्ट सैल केले, नळ्या मोकळ्या झाल्या. मग त्यानं पाना उचलला. उस्तादांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"गाडी रिकामी हाय."

"म्हणजे?"

"चालवणाऱ्याचं वजन कुठाय?"

"मी बसतो," रणधीर घाईनं म्हणाला. "तुम्ही आवळा."

"शर्यतीत तू बसणार?"

रणधीरनं पाना खाली केला.

उस्तादांनी वर हाक दिली. "पोरी, गाडीत बस. पट्टा लाव. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव, घाटात असतेस तशी."

दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. गाडी उजव्या अंगाला दबतेय की काय असं रणधीरला वाटलं. दबलीच असेल तर एखाद्या सुतानं. पण आता त्याच्या डोक्यावर, हातभर अंतरावर, त्याची मुलगी बसली होती.

त्यानं पहिला बोल्ट आवळला. कट्. दुसरा. कट्. तिसऱ्याला आवाज आला तरी हात थांबेना, आणखी जोर लावावा असं वाटत राहिलं. 

"आवाज आला," उस्ताद म्हणाले.

"थोडं जास्त असू दे. घाट आहे, उस्ताद."

"आवाज आला, रणधीर."

त्यानं हात काढला. चौथा बोल्ट आवाजापाशी थांबवला. मग खडू मागून घेतला आणि प्रत्येक बोल्टवर खूण केली. उस्ताद पायऱ्या चढून वर गेले. रणधीर खालीच राहिला. त्यानं पहिला बोल्ट पुन्हा तपासला. मग दुसरा. मग ब्रेकची नळी चाचपली, तिचं या कामाशी काही नातं नव्हतं. मग परत पहिला.

"पप्पा, सुरू करून बघू?" रेवतीनं विचारलं.

"थांब. एक मिनिट."

मिनिटं गेली. तो एका बोल्टकडून दुसऱ्याकडे जात होता. खुणा जागच्या जागी होत्या. पुन्हा बघितल्या, तरी जागच्या जागीच होत्या.

"उस्ताद," तो खालून म्हणाला, अगदी हळू, रेवतीला ऐकू जाऊ नये असा. "आता फाटणार नाही ना?"

"रबर हाय. कधीतरी फाटणारच."

"रविवारी?"

उस्ताद खड्ड्याच्या काठाशी आले. त्यांनी खाली हात दिला. रणधीरनं तो धरला नाही. तो गाडीच्या पोटाखाली तसाच वाकून उभा होता, एक तळवा आर्मला लावून.

"जाऊ देऊ का हिला?... तुम्हीच सांगा. तुम्ही नको म्हणालात तर ती ऐकेल. मीसुद्धा ऐकेन."

वर रेवती वाट बघत बसली होती. तिचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते.

उस्तादांनी पुढं केलेला हात मागं घेतला नाही.

"वर ये, रणधीर. तू खाली हाईस तोवर तिला गाडी काढता येत न्हाई."