धोकादायक प्लग आणि बाप्पाची वायर

माझी लेक इंदू गुरांची डॉक्टर. तिने विजेवरची गाडी घेतली आणि माझ्या तळमजल्याच्या खिडकीतल्या प्लगवर चार्जिंगला लावली. चार दिवसांत सोसायटीचे अध्यक्ष रणदिवे यांनी फलकावर नोटीस डकवली : ‘तळमजल्यावरील घरगुती प्लग धोकादायक असून त्यावरून बाहेर वायर नेण्यास सक्त मनाई आहे.’ खाली झोकदार सही.

मी रणदिव्यांना विचारलं, “वायरमनने प्लग तपासलाय. गाडी उभी राहिली तर पोरीने वाड्यावस्त्यांवर जायचं कसं?”

“आजी, तुम्हाला विजेतलं काय कळतं? नियम म्हणजे नियम!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळा मी पाहिली नाही, पण वाचायला माझी मी शिकलेय. नोटीस शब्दन् शब्द पाठ केली. आठवडाभर इंदू एसटीचे धक्के खात हिंडली.

मग चतुर्थी आली. दरवर्षीप्रमाणे मांडवाची वायर घेऊन रणदिवे माझ्या खिडकीशी हजर. मागे आरतीची तबकं घेऊन अख्खी सोसायटी.

“आजी, जरा प्लग द्या.”

“अगं बाई! पोरीच्या गाडीला जो प्लग धोक्याचा, त्यावर तुम्ही बाप्पाला बसवणार?”

“अहो, बारा वर्षं हाच वापरतोय! कधी ठिणगी तरी उडालीय का?” रणदिवे चिडून बोलून गेले.

“एवढंच लिहून द्या,” मी खिडकीतून पेन पुढे केलं. “आणि सही तश्शीच झोकदार हवी.”

फलकावरची नोटीस बदलली, तेव्हाच बाप्पाला उजेड मिळाला. आरतीनंतर गाडीलाही वीज.