तळ्याची जाहिरात

पक्षी वाट विचारत विचारत प्रवास करीत, त्या काळातली ही गोष्ट. हिमालयापलीकडे एक म्हातारा हंस राहत असे. दक्षिणेकडे निघालेली बदके त्याच्याकडे चौकशी करीत आणि तो एकेका तळ्याचे नाव क्रमाने सांगे. पहिल्या दोन-तीन नावांपुढे कोणी ऐकत नसे.

इकडे करंजवाडीच्या तळ्यात शेवाळ माजले होते. ते खाणारी बदके आली नाहीत, तर तळे बुजणार होते. म्हणून उन्हाळ्याआधी उत्तरेला निघालेल्या धोबी पक्ष्याला तळ्याने गाठले आणि हंसाकडे आपली शिफारस करायला सांगितले.

“काळजी सोडा, तळेराव,” शेपूट हलवत धोबी म्हणाला. “खोल, नितळ, शेवाळाचा मागमूस नाही, असं हंसाच्या कानाशी रोज ओरडतो. पहिला नंबर तुमचाच!”

हिवाळ्यात तो एकटाच परतला.

“हंसाला कदरच नाही हो! तुम्हाला म्हशींच्या डबक्याच्याही खाली टाकलं. आता आणखी जोरात ओरडावं लागेल.”

“पण बदकं त्याला विचारतात तरी काय?”

“ते कोण ऐकत बसलंय? मी सांगायला गेलो होतो.”

“या खेपेला ऐक. आणि जे खरं असेल तेच सांग.”

पुढच्या हिवाळ्यात धोब्यामागून अख्खा थवा उतरला. “बदकं हंसाला शेवाळ कुठं मिळेल, एवढंच विचारत होती,” धोबी पुटपुटला. “लाज वाटली, पण सांगून टाकलं.”

बदके काठच्या शेवाळावर तुटून पडली. तळ्याचा जीव भांड्यात पडला. तरी न राहवून त्याने म्होरक्या बदकिणीला विचारले, “बाई, माझं खोल पाणी पाहिलंत का?”

“पाहिलं की,” ती भरल्या चोचीने म्हणाली. “उतरताना, वरून.”