शिळेला लागलेले दोर

एका राज्यात इंद्रसेन राजा होता आणि त्या राज्यात पाठीचा भारी बाऊ होता. एका सरदाराने दुसऱ्याला पाठ दाखवली की झालाच अपमान! म्हणून दरबारी मंडळी गोल बसत, गोल उभी राहत, जेवायलाही गोलच.

कालजिह्व मांत्रिकाने राजाची धाकटी बहीण हेमकला भुयारात कोंडली, भुयाराच्या तोंडावर शिळा ठेवली आणि शाप दिला, "सूर्यास्ताआधी तीन कामे करा, नाहीतर ही आत दगड होईल."

पहिले काम हौद भरण्याचे. घागरी चहूकडून आल्या, हौद भरला. दुसरे काम लोखंडाची कढई लाल करण्याचे. सगळ्या बाजूंनी लाकडे लावली, कढई लाल झाली. राहिले तिसरे, शिळा हटवण्याचे.

चार सरदारांनी चार दोर बांधले, हत्तीचे बळ लावले. आणि उभे राहिले कसे? अहो, गोल! जो तो आपल्याकडे ओढी. शिळा तसूभर हलेना. इंद्रसेनाने आणखी माणसे बोलावली. तीही गोलच उभी राहिली. आतून हेमकलेची हाक क्षीण होत चालली.

तेवढ्यात एक भारद्वाज पक्षी शिळेवर येऊन बसला आणि बोलू लागला.

"राजा, पाणी किती, ऊब किती, एवढे पुसले की भागते. बळाला दोन गोष्टी पुसाव्यात. किती आणि कुठे."

"बळ कमी नाही, पक्षिराज."

"नाहीच. पण पूर्वेचे पश्चिमेने खाल्ले, उत्तरेचे दक्षिणेने. शिळेच्या वाट्याला काय आले?"

राजाला उमगले. सारे दोर एकाच बाजूला घ्यायचे, एकामागे एक उभे राहायचे. सरदारांचे चेहरे उतरले. वृद्ध सरदार रणधवल म्हणाले, "महाराज, पाठ कोणी कोणाला दाखवायची?"

"सर्वांनी मला," राजा म्हणाला आणि शिळेलगत, सर्वांच्या मागे, दोर खांद्यावर घेऊन उभा राहिला.

मग कोणाची बिशाद होती कुरकुरण्याची! माणसे तीच, बळ तेच. शिळा घरंगळत बाजूला गेली. कालजिह्वाचा धूर झाला. हेमकला धुळीने माखलेली वर आली आणि भावाच्या गळ्यात पडली.

राजाने भारद्वाजाला साष्टांग नमस्कार घातला. सरदार राजाला पाठ दाखवल्याची क्षमा मागायला वळू लागले, तोच राजा म्हणाला, "थांबा, वळू नका."

आणि भरल्या डोळ्यांनी तो एकेका पाठीला हात जोडत पुढे गेला.