विकायचा नाही असा शंख

भर समुद्रात ताटलीएवढ्या एका बेटावर खेकड्यांचं राज्य नांदत होतं. हे खेकडे पाठीमागून अगदी मऊ अंगाचे. समुद्रातल्या गोगलगाईने सोडलेला रिकामा शंख पाठीवर घ्यायचा, त्यातच राहायचं, आणि अंग वाढलं की त्याहून मोठ्यात शिरायचं. हसू नका, तुमचीही चप्पल दरवर्षी बदलतेच. किनाऱ्यावर रिकाम्या शंखांचा खच पडलेला. बेटाची दौलत म्हणाल तर तेवढीच.

एके सकाळी पलीकडच्या काठावरचा कावळा चोचीत चुरमुरे घेऊन आला. "सरपंच," तो थोरल्या खेकड्याला म्हणाला, "अंगावर एकेक शंख असताना हा कचरा कशाला सांभाळता? आम्हाला द्या. शंखामागे चोचभर चुरमुरे." सरपंचांनी एक दाणा चाखला आणि बेटाचं धोरण ठरलं. कावळ्याचे भाऊबंद शंख वाहू लागले. खेकड्यांनी खडकावरचं शेवाळ खरवडायचं सोडलं आणि चुरमुरे खात वाळूत लोळू लागले.

एक म्हातारी खेकडी मात्र किनाऱ्यावरच्या सगळ्यात मोठ्या शंखावर जाऊन बसली, ती उठेचना.

"आजी, त्यात तुमच्यासारख्या दहा मावतील. नवऱ्यासाठी राखताय की काय?" पोरं चिडवायची.

"विकायचा नाही," म्हातारी म्हणायची. भरती आली की वाळूत नांगी रुतवायची. चुरमुऱ्यांचा वास आला की शेवाळ चघळायची. बोलणं तेवढंच : "विकायचा नाही."

चुरमुऱ्यांनी व्हायचं तेच झालं. सगळी प्रजा फुगली. शंख आवळू लागले, मऊ अंगं बाहेर लोंबू लागली, आणि वर घार घिरट्या घालू लागली. मोठा शंख शोधावा, तर किनारा झाडून नेलेला. सरपंचांनी कावळ्यापुढे नांग्या जोडल्या. "कावळेशेठ, आमचे शंख परत द्या."

"देतो की," कावळा म्हणाला. "बेट आमच्या नावावर करा. तुम्ही राहा भाड्याने, आम्ही काय परके आहोत?"

खेकड्याला मान नसते ते बरं, नाहीतर सरपंचांनी ती डोलावलीच असती. तेवढ्यात म्हातारी शंखावरून खाली उतरली. "रांग लावा. सगळ्यात मोठा पुढे, त्याहून लहान त्याच्या मागे."

"आजी, शंख एक आणि आम्ही एवढे सगळे," सरपंच रडवेले झाले.

"एकच लागतो. शिरा आत."

सरपंच मोठ्या शंखात शिरले. त्यांचा सुटलेला शंख मागच्याला नेमका बसला, त्याचा त्याच्या मागच्याला. घार झेपावेपर्यंत शेवटचं पोरही आत गडप झालं. आणि वाळूवर पुन्हा एक शंख रिकामा उरला, बोराएवढा.

कावळ्याने तो हेरला. "एवढ्याशाचं काय करणार? याचे दोन चोची चुरमुरे देतो."

सरपंच आपला पर्वत हलवत हलवत गेले आणि त्या बोरावर बसले.

"विकायचा नाही."

तात्पर्य : आज रिकामं पडलेलं दिसतं ते हट्टाने राखा, उद्या सगळ्यांचं अंग त्यानेच झाकतं, आणि कोणी चुरमुरे घेऊन दारात आलाच, तर चुरमुऱ्यांकडे नंतर बघा, आधी त्याची नजर कुठे आहे ते बघा.